‘मावांग’ (द डेव्हिल, २००७) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोरियन मालिका आता आपल्याकडे घरोघरी पाहिल्या जातात. पण बोलणं होतं ते बहुतेक नव्या मालिकांबद्दल. कुणी मला ‘सूडकथा सांग’ म्हटलं की मी मात्र दरवेळी २००७ सालच्या ‘मावांग’चंच नाव घेते. आतापर्यंत तीनदा पूर्ण पाहिली आहे. ज्यांना ज्यांना पाहायला लावली त्यांनी आधी, मधे आणि शेवटी जे प्रश्न विचारले ते इथे एकत्र केले आहेत. शेवट फोडणारा एकच प्रश्न आहे आणि त्याच्या आधी तशी सूचना दिली आहे.

ही नेमकी कोणती मालिका?

दक्षिण कोरियाच्या केबीएस २ या वाहिनीवर २१ मार्च ते २४ मे २००७ या काळात दर बुधवारी आणि गुरुवारी रात्री लागणारी २० भागांची मालिका. दिग्दर्शन पार्क चान-होंग यांचं, पटकथा किम जी-वू यांची. मुख्य भूमिकांत उम ते-उंग, जू जी-हून आणि शिन मिन-आ. इंग्रजीत ती ‘द डेव्हिल’ म्हणून ओळखली जाते, काही ठिकाणी ‘लुसिफर’ या नावानेही सापडते. दोन्ही एकच. ‘लुसिफर’ नावाची एक अमेरिकन मालिकाही आहे, तिचा हिच्याशी काही संबंध नाही.

‘मावांग’ म्हणजे काय?

कोरियनमध्ये ‘वांग’ म्हणजे राजा. ‘मा’ हा शब्द चिनी लिपीतल्या ज्या अक्षरावरून आला ते अक्षर मुळात आपल्या ‘मार’ या शब्दासाठी घडवलं गेलं. मार म्हणजे बोधिवृक्षाखाली बसलेल्या सिद्धार्थाला मोहात पाडायला, भीती दाखवायला आलेला तो मार. बौद्ध ग्रंथांबरोबर हा शब्द भारतातून चीनला गेला, तिथून कोरिया आणि जपानला, आणि वाटेत त्याचा अर्थ ‘सैतान, दुष्ट शक्ती’ असा पसरला. अजिंठ्याला गेला असाल तर लेणी क्रमांक २६ मधलं माराच्या हल्ल्याचं शिल्प पाहिलं असेल. लेणी क्रमांक १ मध्ये तोच प्रसंग रंगवलेला आहे. एका बाजूला हत्यारं उगारलेली सेना, दुसऱ्या बाजूला मोहात पाडणाऱ्या स्त्रिया आणि मधे शांत बसलेला एक माणूस.

हे कळल्यावर मी मालिकेकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागले. मार कुणाच्या हातात तलवार देऊन ‘कर वार’ असं म्हणत नाही. समोरच्याच्या मनात जे आधीपासून आहे, त्यालाच तो हाक मारतो. या मालिकेतला सूडही नेमका असाच चालतो. गंमत म्हणजे ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टचं १८१५ सालचं ‘अर्लकोनिग’ हे गाणंही कोरियन आणि जपानी भाषांत याच नावाने ओळखलं जातं. बापाच्या कुशीतून मुलाला गोड बोलून ओढून नेणारा तो अदृश्य राजा. मालिकेचं नाव उच्चारलं की कोरियन प्रेक्षकाच्या मनात हेही घुमत असणार.

शेवट न फोडता कथा सांगाल का?

कांग ओ-सू हा पोलीस खात्यातला गुन्हे अन्वेषक. चिडका, हात लगेच उचलणारा, पण गुन्ह्यात भरडल्या गेलेल्या माणसांसाठी जीव टाकणारा. एक दिवस त्याला निनावी टपालाने एक टॅरो कार्ड, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात तसला चित्रांचा पत्ता, येतं. पाठोपाठ एक माणूस मरतो. मग आणखी एक कार्ड, आणखी एक मृत्यू. मरणारे एकमेकांचे कुणी नाहीत असं आधी वाटतं. हळूहळू लक्षात येतं की सगळे धागे १२ वर्षांपूर्वीच्या एका घटनेपाशी जाऊन मिळतात. त्या घटनेत शाळकरी ओ-सूच्या हातून एक मुलगा मेला होता. त्याच्या वजनदार वडिलांनी आपली ताकद वापरली आणि मुलाला शिक्षा झाली नाही.

मेलेल्या मुलाला एक धाकटा भाऊ होता. भाऊ गेला, पाठोपाठ आईही गेली, घर संपलं. तो धाकटा आज दुसऱ्याच मुलाचं नाव घेऊन जगतो आहे. हे नाव आहे ओ सुंग-हा. तो वकील आहे, गरिबांचे खटले घेतो, हळू आवाजात बोलतो आणि सगळे त्याला सज्जन म्हणतात.

या दोघांच्या मधे आहे सो हे-इन. ग्रंथालयात काम करणारी तरुणी. वस्तूला हात लावला की तिला त्या वस्तूने ‘पाहिलेलं’ दिसतं. पोलीस तिची मदत घेतात. ते कार्डही तिच्या हातात येतं.

सूड कोण घेतोय हे आधीच कळलं. मग पाहायचं काय उरलं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. वर जे सांगितलं ते मालिका स्वतःच फार काळ लपवत नाही. ‘कोण’ हा तिचा प्रश्नच नाही. तिचा प्रश्न आहे ‘आता पुढे काय होणार आणि ते थांबवता येईल का?’ पोलिसाला माहीत नसतं, आपल्याला माहीत असतं. ओ-सू आणि सुंग-हा समोरासमोर बसून बोलतात तेव्हा एक साधं वाक्यही दोन अर्थांनी ऐकू येतं. ओ-सू त्या वकिलाला आदराने वागवतो, त्याच्याजवळ मन मोकळं करतो, आणि आपण हात आवळून बसतो.

दुसऱ्यांदा पाहताना मी फक्त जू जी-हूनचा चेहरा पाहत होते. हसू ओठांवर येतं, डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. एखाद्या क्षणी पोहोचतं, बहुतेक हे-इनसमोर, आणि मग तो स्वतःच दचकल्यासारखा नजर खाली घालतो. इतकं लहान काम आहे ते. मोबाइल बाजूला ठेवूनच पाहावं लागतं.

सायकोमेट्री म्हणजे काय? असं खरंच असतं का?

वस्तूला स्पर्श करून तिचा भूतकाळ जाणण्याच्या कथित शक्तीला सायकोमेट्री म्हणतात. जोसेफ रोड्स ब्युकॅनन या अमेरिकन वैद्याने १८४२ साली ‘आत्मा’ आणि ‘माप’ या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून हा शब्द तयार केला. ही शक्ती खरी असल्याचा विश्वास ठेवावा असा कोणताही वैज्ञानिक पुरावा नाही. मानसिक क्षमता मोजण्याचं ‘सायकोमेट्रिक्स’ हे शास्त्र पूर्ण वेगळं, नोकरीच्या परीक्षांमध्ये जी ‘सायकोमेट्रिक टेस्ट’ असते ती त्यातली. दोन्हींची गल्लत होते म्हणून सांगितलं.

मालिका पाहण्यासाठी हे खरं मानायची गरज नाही. कथेने एक अट घातली आहे, ती आपण मान्य करायची, बस. मला आवडतं ते असं की लेखणीने या शक्तीला फार मोकळं सोडलेलं नाही. बोटं कार्डावर टेकतात, हे-इनचा श्वास अडकतो आणि जे दिसतं ते तुटक असतं. एखादी जागा, एखादी सावली, एखादा हात. चेहरा सरळ दिसला असता तर मालिका दुसऱ्या भागात संपली असती. शिवाय तिला दिसलेलं न्यायालयात चालत नाही. पोलिसांना तिच्या चित्रांवरून माग काढून खरा पुरावा शोधावाच लागतो.

आणि तिच्यावर त्याचा भार पडतो. खुनाच्या वस्तूला हात लावायचा म्हणजे ती भीती, तो राग स्वतःच्या अंगावर घ्यायचा. पोलिसी मालिकांत अशी पात्रं सहसा यंत्रासारखी वापरली जातात, खटका दाबला की माहिती बाहेर. हे-इन तशी नाही. गुन्हेगाराच्या वस्तूतून तिला त्याचं दुःखही दिसतं, म्हणून ती त्याला फक्त पकडायची व्यक्ती म्हणून पाहू शकत नाही. माझ्या मते मालिकेत खरी साक्षीदार तीच आहे. १२ वर्षांपूर्वी त्या घरासाठी कुणी साक्ष दिली नाही. ती इतक्या उशिरा, नुसत्या हाताच्या स्पर्शाने, साक्षीला उभी राहते.

टॅरो कार्डांचं ज्ञान लागतं का?

नाही. जे लागतं ते मालिका सांगते. तरी थोडी माहिती असली तर मजा वाढते. टॅरोचा संच ७८ कार्डांचा, त्यातली २२ मोठी मानली जातात आणि ५६ छोटी. मुळात १५ व्या शतकातल्या उत्तर इटलीतला हा पत्त्यांचा खेळ. भविष्य सांगण्यासाठी त्याचा वापर नंतर सुरू झाला. आज जी चित्रं आपण ओळखतो ती बरीचशी पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढलेल्या, १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या संचातून आली आहेत. त्या संचात ‘न्याय’ ११ व्या क्रमांकावर, ‘सैतान’ १५ व्या आणि ‘निवाडा’ २० व्या क्रमांकावर आहे. ‘सैतान’च्या कार्डावर एक स्त्री आणि एक पुरुष साखळीने बांधलेले दिसतात. नीट पाहिलं तर गळ्यातल्या कड्या सैल आहेत. काढून टाकता येतील इतक्या सैल. मालिका संपल्यावर हे कार्ड पुन्हा एकदा पाहा.

सूड घेणारा स्वतः कुणाला मारत नाही म्हणजे काय?

हा या कथेचा सगळ्यात भेदक भाग. सुंग-हा हातात शस्त्र घेत नाही. ज्याला शिक्षा द्यायची त्याच्यावर आधीपासून कुणाचा ना कुणाचा राग असतोच. फसवलेला माणूस, नाडलेला माणूस, दुखावलेला माणूस. तो अशा माणसाच्या हाताशी परिस्थिती आणून ठेवतो. कुणाचं गुपित नातं, कुणाचा पैशाचा हव्यास, कुणाची जुनी लाचारी, हे सगळं त्याला ठाऊक असतं. पुढचं पाऊल ज्याचं तो टाकतो.

आणि मग तोच वकील म्हणून त्या माणसाच्या बचावासाठी उभा राहतो. पहिल्याच प्रकरणात, १२ वर्षांपूर्वीच्या खटल्याशी नातं असलेला माणूस मरतो आणि ज्याच्या हातून तो मेला त्याचा बचाव स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर होतो. एकेकाळी आपल्या भावाच्या मृत्यूसाठी जो युक्तिवाद वापरला गेला, तोच उलटा फिरवून परत केलेला. पहिल्यांदा पाहताना मला हे चातुर्य वाटलं होतं. दुसऱ्यांदा अंगावर काटा आला. कारण ज्यांना तो वापरतो ती माणसंही कुणाची तरी भावंडं, कुणाचे तरी बाप आहेत. आपण जे सोसलं तेच तो नव्या घरांत पोचवतो आहे आणि हे त्याला कळतंही आहे.

मग बाजू कुणाची घ्यायची?

मला विचाराल तर ओ-सूला नुसतं ‘गुन्हेगार’ म्हणून सोडून देता येत नाही आणि सुंग-हाला नुसतं ‘पीडित’ म्हणून जवळ घेता येत नाही. ओ-सू शाळेत दांडगाई करणारा मुलगा होता. त्या एका दिवसानंतर तो बदलला, पोलीस झाला, स्वतःला माफ करू शकला नाही. ही त्याची शिक्षा खरी आहे. पण ती त्याने स्वतःच्या खोलीत, स्वतःपुरती भोगली. मेलेल्या मुलाच्या घरच्यांसमोर जाऊन, खाली मान घालून ‘माझं चुकलं’ असं म्हणणारं १२ वर्षांत कुणी तिथे पोचलं नाही. बापाने प्रकरण मिटवलं, आणि मिटवताना माफीची वाटही बंद करून टाकली.

आपल्याकडे अश्वत्थाम्याच्या भळभळत्या जखमेचं उदाहरण देतात. सुंग-हाची जखम तशी आहे. फरक इतकाच की त्यावर तेल मागत तो दारोदार हिंडत नाही, ती कोटाच्या आत झाकून न्यायालयात येतो. सगळे खून, सगळी कार्डं, सगळा डाव बाजूला केला तर मला या मालिकेत एकच गोष्ट दिसते. वेळेवर मागितली न गेलेली माफी. शिक्षेपेक्षाही ती जास्त हवी होती.

ओ-सूचे वडील इतके बिनधास्त कसे सुटतात? कोरियात कायदा असा आहे का?

कथेतलं प्रकरण पैसा आणि ओळखीच्या जोरावर वळवलेलं आहे, कायद्याने दिलेली सवलत नव्हे. तरी पार्श्वभूमी माहीत असावी. कोरियात १४ वर्षांखालच्या मुलाला फौजदारी शिक्षा होत नाही आणि त्यावरच्या अल्पवयीनांसाठी वेगळा बाल कायदा आहे. शाळेतल्या हिंसाचाराविरुद्धचा स्वतंत्र कायदा २००४ साली आला, म्हणजे मालिकेच्या फक्त ३ वर्षं आधी. ओ-सूच्या शाळेच्या दिवसांत तो नव्हताच. शाळेत एखाद्याला घेरून छळणं हा तिथे फार दुखरा विषय आहे आणि आजही नव्या मालिका त्यावर निघतात.

आणखी एक तपशील. मालिका चालू होती तेव्हा कोरियात खुनाचा गुन्हा १५ वर्षांनी कालबाह्य होत असे. त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबर २००७ मध्ये, ती मुदत २५ वर्षं झाली आणि २०१५ मध्ये पूर्ण रद्द झाली. ‘इतक्या वर्षांनी आता काय होणार’ हा प्रश्न त्या वेळच्या प्रेक्षकासाठी नुसता भावनेचा नव्हता, तो कायद्याचाही होता. न्यायालयाच्या दृश्यांत पंच मंडळ (ज्युरी) का दिसत नाही असंही एकाने विचारलं होतं. सामान्य नागरिकांना पंच म्हणून बसवण्याची पद्धत तिथे जानेवारी २००८ पासून आली.

कलाकारांना आणखी कुठे पाहिलं असेल?

जू जी-हूनला तर नक्की. ‘किंग्डम’ (२०१९) मधला युवराज तोच. त्याआधी ‘अलाँग विथ द गॉड्स’ चित्रपट, नंतर ‘हायना’, आणि २०२५ मध्ये ‘द ट्रॉमा कोड’. ‘मावांग’च्या वेळी तो मॉडेलिंगमधून आलेला नवा मुलगा होता. आदल्याच वर्षी ‘गुंग’ या राजवाड्यातल्या प्रेमकथेत राजपुत्र झाला होता आणि तरुण मुली त्याच्यावर भाळल्या होत्या. त्या यशानंतर गोड भूमिका सोडून त्याने ही निवडली. प्रक्षेपण चालू असतानाच त्याला २५ वर्षं पूर्ण झाली. त्या वयात हे काम!

शिन मिन-आ नंतर ‘माय गर्लफ्रेंड इज अ गुमिहो’ (२०१०) आणि ‘होमटाउन चा-चा-चा’ (२०२१) मधून सगळ्यांची लाडकी झाली. तिचा खळीदार हसरा चेहरा पाहून आलेल्यांना इथली हे-इन गंभीर वाटते, पण ती ऊब इथेही आहे, फक्त मंद आचेवर. ती आणि जू जी-हून २००९ च्या ‘किचन’ चित्रपटात पुन्हा एकत्र आले.

उम ते-उंगला ‘क्वीन सन-डक’ मध्ये सेनापती किम यू-शिन म्हणून किंवा ‘आर्किटेक्चर १०१’ मध्ये पाहिलं असेल. ओ-सूची भूमिका तिघांत सगळ्यात अवघड, असं माझं ठाम मत आहे. सुंग-हाला लपवायचं असतं, ओ-सूला लपवता येत नाही. भागागणिक त्याचा आवाज बसत जातो, खांदे पडत जातात.

तेव्हा गाजली का?

आकड्यांत नाही. २१ मार्च २००७ या एकाच दिवशी तिन्ही मोठ्या वाहिन्यांवर नव्या मालिका सुरू झाल्या. एमबीसीवर ‘थँक यू’, एसबीएसवर ‘विच यू-ही’ आणि केबीएसवर ही. ‘थँक यू’ची माणुसकीची हळवी गोष्ट लोकांना भावली. ‘मावांग’ची प्रेक्षकसंख्या बहुतेक काळ एक आकडी टक्केवारीतच राहिली. बुधवारचा भाग चुकला तर गुरुवारी काही कळत नाही अशी मालिका तेव्हाच्या टीव्हीवर टिकणं कठीणच होतं.

पण ज्यांनी पाहिली त्यांनी वेड्यासारखी पाहिली. कोरियात अशा मालिकांना ‘मॅनिया ड्रामा’ म्हणतात, प्रेक्षक थोडे पण जीव लावणारे. त्यांनी कार्डांचे अर्थ लावले, संवाद पाठ केले. आज सलग पाहता येते, त्यामुळे मला वाटतं ही मालिका तिच्या काळापेक्षा आपल्या काळाला जास्त सोयीची आहे.

‘सूडत्रयी’ म्हणतात ती कोणती? क्रमाने पाहावी लागते का?

याच दिग्दर्शक आणि पटकथाकाराच्या तीन मालिका. ‘रिझरेक्शन’ (२००५, २४ भाग), ‘मावांग’ (२००७) आणि ‘शार्क’ (२०१३, २० भाग). कथा स्वतंत्र आहेत, पात्रं वेगळी आहेत, कुठूनही सुरुवात करा. ‘रिझरेक्शन’मध्ये उम ते-उंगच आहे, जुळ्या भावांच्या भूमिकेत, आणि तिथे सूड घेणारा तो आहे. म्हणजे ‘मावांग’मध्ये त्याला मुद्दाम पलीकडच्या बाजूला उभं केलं. हे माहीत असेल तर ओ-सूकडे पाहताना वेगळंच वाटतं. त्या मालिकेचंही नशीब असंच. तिच्यासमोर ‘माय लव्हली साम-सून’ होती, जिचा शेवटचा भाग ५० टक्क्यांच्या वर गेला.

माझा क्रम: आधी ‘मावांग’, आवडली तर ‘रिझरेक्शन’. ‘शार्क’ देखणी आहे, किम नाम-गिल आणि सन ये-जिन दोघं छान आहेत, पण तिथे प्रेमकथेचं पारडं जड होतं आणि सूडाची धार कमी होते.

जपानी ‘माओ’ आधीची की नंतरची?

नंतरची. टीबीएस वाहिनीवर जुलै ते सप्टेंबर २००८ मध्ये ११ भागांत आली. नावही तीच दोन अक्षरं, फक्त जपानी उच्चार. वकिलाच्या भूमिकेत आराशी या गायक गटाचा ओनो सातोशी, पोलीस म्हणून इकुता तोमा. वेळ कमी असेल तर ती चालेल, ओनोचं काम शांत आणि चांगलं आहे. पण २० भागांचं ११ मध्ये आणताना बाजूची माणसं बारीक झाली. मूळ मालिकेत ज्यांना वापरलं जातं त्यांचं आयुष्य आपल्याला दिसतं. तेच काढलं तर डाव उरतो, ओझं उरत नाही.

नावं लक्षात राहत नाहीत. काय करू?

कोरियन नावात आडनाव आधी. ‘ओ सुंग-हा’ मधला ‘ओ’ आडनाव आहे, ‘कांग ओ-सू’ मधला ‘ओ’ नावाचा भाग. इथेच बहुतेकांचा घोळ होतो. माझ्या आईने पहिल्या दिवशी ‘पोलीस’, ‘वकील’ आणि ‘पुस्तकवाली’ अशी नावं ठेवली आणि शेवटपर्यंत तिचं काही अडलं नाही. ओ-सूचे शाळेतले मित्र मात्र कागदावर लिहून ठेवा, तिसऱ्या-चौथ्या भागानंतर उपयोग होतो. मेलेल्या मुलाचं नाव जंग ते-हून, त्याच्या धाकट्या भावाचं जंग ते-सुंग. हे दोन तेवढे पाठच करा.

सबटायटलमध्ये काय हरवतं?

आदराच्या पायऱ्या. कोरियनमध्ये आपल्या ‘तू, तुम्ही, आपण’ पेक्षाही जास्त थर आहेत. माणसाला व्यवसायावरून आदरार्थी हाक मारायची पद्धतही आपल्यासारखीच, आपण ‘वकीलसाहेब’ म्हणतो तसं ते ‘ब्यन्होसा-निम’ म्हणतात. इंग्रजी सबटायटल हे सगळं एका ‘यू’मध्ये गुंडाळतं. कान देऊन ऐकलंत तर कळेल की सुंग-हा सगळ्यांशी किती अदबीने बोलतो, आणि ती अदब हेच त्याचं सगळ्यात भक्कम कुलूप आहे.

फार रक्तपात आहे का? घरच्यांबरोबर पाहता येईल?

रक्त कमी, ताण जास्त. मोठ्यांबरोबर खुशाल पाहा. लहान मुलांसाठी नाही. शाळेतला छळ आणि आत्महत्येचे विचार आहेत, ज्यांना त्याचा त्रास होऊ शकतो त्यांनी सोबतीने पाहावी.

संथ आहे असं ऐकलंय.

आहे. पहिले दोन भाग माणसं मांडण्यातच जातात. मीही पहिल्यांदा दुसऱ्या भागानंतर थांबले होते, महिन्याभराने परत आले. चित्राचा पोत जुना, मोबाइल घडीचे, पार्श्वसंगीत कधी गरजेपेक्षा मोठं. पाचव्या भागापर्यंत धीर धरा. त्यापुढे कुणी सोडल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

प्रेमकथा आहे का?

आहे, पण हात हातात घेऊन पावसात फिरण्याची नाही. जिच्या स्पर्शाला सगळं कळतं तिच्याजवळ जाण्याची, सगळं लपवायचं असलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. एवढं पुरेसं आहे.

शेवट नीट कळला नाही. (मालिका पाहिली नसेल तर पुढचं वाचू नका.)

दोघंही जगत नाहीत. सुंग-हाला शेवटी हवं असतं ते ओ-सूचं मरण नव्हे, ओ-सूच्या हातून स्वतःचं मरण. म्हणजे ओ-सूला पुन्हा एकदा खुनी करून डाव पुरा करायचा. ओ-सू नकार देतो. १२ वर्षांपूर्वी जे हात थांबले नाहीत ते या वेळी थांबतात आणि त्या एका नकाराने सुंग-हाचा सगळा हिशेब कोसळतो. तरी मरण टळत नाही, आणि ‘मग नकाराचा उपयोग काय’ असं पुष्कळांनी मला रागाने विचारलं आहे.

मी त्यांना सांगते, शेवटच्या भागात ओ-सू काय बोलतो ते पुन्हा ऐका. जे शब्द त्या घराला १२ वर्षं मिळाले नाहीत ते अखेर तो त्या घरातल्या शेवटच्या माणसाला देतो. सुंग-हाच्या चेहऱ्यावर तेव्हा जंग ते-सुंग परत येतो, शाळकरी, धाकटा. मग हे-इन एकटी उरते, दोघांनी हाताळलेल्या सगळ्या वस्तूंसह.